थाप मारली पोरीनं

"काका, तुमच्या एका शब्दानं आपल्याला वाचवलं हं!" निशांत फोनवर म्हणाला.

मी हॉलमध्ये ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसलो होतो. आधी मी फुशारलो. माइकपुढं जन्म घालवलेल्या माणसाच्या शब्दाचं कुणी कौतुक केलं की तो फुशारतोच, त्यात लाजायचं काय?

"कुठला शब्द हो?"

"थाप! 'थाप मारली पोरीनं' म्हणालात ना तुम्ही? तेवढी क्लिप आम्ही चौकशी समितीला दिली. आमचाच कॉमेंटेटर लाइव्ह सांगतोय की मुलगी फसवत होती. आता रेफरीवर काही येत नाही. शुक्रवारी नजरबादला सुनावणी आहे. तुम्ही फक्त यायचं आणि 'हो, हा आवाज माझाच' एवढं सांगायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, थाप म्हणजे हाताची थाप! पोरीनं हार मानून मॅटवर हात आपटला, ते सांगत होतो मी!"

"काका, मराठीत थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं. शाळेतल्या पोराला विचारा."

"मला मराठी शिकवू नका."

"शिकवत नाही हो. पण तुमचं ते म्हैसूरचं मराठी लोकांना ऐकायला गोड लागतं, अर्थ मात्र पुण्याचा लावतात." आणि हसला. हसला मेला!

हा निशांत म्हणजे म्हैसूरच्या हूटगळ्ळीत मारामारीची लीग चालवणारा माणूस. पुण्याहून नोकरीसाठी आला, नोकरी सोडून या धंद्यात पडला. कारखान्याची रिकामी शेड घेतली, आत जाळीचा पिंजरा उभा केला, दिवे लावले आणि लढती मोबाइलवर दाखवायला लागला. मला काका म्हणतो. मी त्याचा काका कधी झालो, ते माझ्या भावांना पण ठाऊक नाही.

आणि मी मानाजीराव. म्हैसुरात मला 'माइक मानाजी' म्हणून ओळखतात. आमचे वडील शंभूराव गरडीतले, म्हणजे तुमच्याकडच्या तालमीतले पैलवान. मला पण त्यांनी मातीत लोळवला, पण गुडघा गेला आणि राहिला तो घसा. एकदा जत्रेच्या कुस्तीत पुकारणाऱ्याचा आवाज बसला, वडिलांनी मला पुढं ढकललं, आणि तिथून जो माइक धरला तो आजवर सोडला नाही. सकाळी लग्नात ढोलकी, दुपारी आखाड्यात कुस्तीचं वर्णन, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात परत ढोलकी. मधल्या दिवसांत रिक्षात बसून साड्यांच्या सेलची घोषणा. मग बॉक्सिंग आलं, ते शिकलो. किकबॉक्सिंग आलं, ते शिकलो. पिंजऱ्यातली लढत आली तेव्हा केस पिकले होते, तरी पोरांच्या शेजारी बसून एक एक डाव समजून घेतला. गाणारे म्हणायचे, हा पैलवान. पैलवान म्हणायचे, हा वाजवणारा. दोन्हीकडं मला परका ठरवणारे हजार निघाले, पण माझा आवाज आला की दोन्हीकडचे गप्प बसतात!

निशांतनं मला घेतला तो कन्नड कॉमेंट्रीला. मग त्याच्या लक्षात आलं की कोल्हापूर-सांगलीकडं लढती बघणारे खूप आहेत. "काका, तुम्ही मराठीतून पण करा की, घरी मराठीच बोलता ना?" घरी बोलतो. पण आमचं मराठी कसं, तर नळाचं पाणी आलं की पहिल्यांदा कन्नडातून ओरडायचं आणि मग मराठीतून बादली शोधायची. मी त्याला म्हटलं पण तसं. तो म्हणाला, "चालतंय हो, वेगळं वाटतं." तेव्हा चाललं त्याला!

आता त्या रविवारचं सांगतो. डोकं तापतं, तरी सांगतो.

लढत होती स्मृतीची, हुबळीच्या एका पोरीशी. स्मृती आमच्या येलवालच्या नागरत्नाची लेक. नागरत्ना मला अण्णा म्हणते, म्हणून स्मृतीचा मी मामा. ही पोर लहान असताना मी ढोलकी वाजवायचो आणि ही त्या तालावर गुद्दे हाणायची. आईचा विरोध होता. मीच मध्ये पडून तिला खेळायला पाठवली. त्या दिवशी मराठी माइकवर मी होतो, कन्नडला दुसरा पोरगा होता.

दुसऱ्या फेरीत हुबळीच्या पोरीनं स्मृतीचा उजवा हात आपल्या दोन पायांत धरला आणि कोपर उलटं ताणलं. या खेळात एक नियम सगळ्यांच्या वरचा. सहन होत नसलं की मॅटवर हात आपटायचा. आपटला की लढत संपली. रेफरीनं धावत जाऊन वरच्या खेळाडूला हात लावायचा आणि त्याचा हात लागला की सोडायचं. तो लागेपर्यंत मात्र सोडायचं नाही, असंच पोरापोरींना शिकवलेलं असतं. त्यामुळं हुबळीच्या पोरीला मी काही म्हणत नाही. तिनं शिकवलेलं केलं.

स्मृतीनं डाव्या हातानं मॅटवर थाप मारली. परत मारली. परत मारली. मी त्याच बाजूला बसलो होतो, मला तिचा तळवा दिसत होता. कॅमेरा पलीकडं, त्याच्यापुढं हुबळीच्या पोरीची पाठ. मी माइकमध्ये ओरडलो, "थाप मारली! थाप मारली पोरीनं! सोडव की रे प्रणेश, सोडव!"

प्रणेश रेफरी होता. लीगच्या दुसऱ्या भागीदाराचा मेहुणा. माझ्यासारखाच त्या हाताजवळ होता, माझ्यापेक्षा जवळ. त्याला लढत आणखी रंगवायची होती, का त्याचं लक्ष पब्लिककडं होतं, का नुसतं भान गेलं होतं, देव जाणे. तो वाकून बघत राहिला. मग कोपराचा आवाज आला. मी आयुष्यभर चामडं, लाकूड, पितळ सगळं ऐकलंय, पण तो आवाज मला परत ऐकायचा नाही.

त्याच संध्याकाळी लढतीचा व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाकला. उरली ती यांनी कापलेली क्लिप. 'थाप मारली पोरीनं' एवढंच. 'सोडव' कापलं. माझ्या तोंडातलं अर्धं वाक्य कापून घेतलं चोरांनी!

का, ते सांगतो. रेफरी चुकला म्हणून ठरलं असतं तर लीगचा परवाना गेला असता आणि दसऱ्याचा मोठा शो बुडाला असता. म्हणून खापर पोरीवर. गोष्ट अशी रचली की स्मृतीनं हार मानल्याचं खोटं नाटक केलं. समोरची पोर पकड सैल करील आणि आपण निसटू, असा तिचा डाव होता. प्रणेशनं तो ओळखला, म्हणून लढत थांबवली नाही. म्हणजे प्रणेश हुशार आणि पोर फसवी! समितीनं हे मानलं की स्मृतीला दोन वर्षं बंदी.

मी फोन ठेवला आणि तसाच येलवालला गेलो.

नागरत्नानं दार उघडलं. ही बाई मला बघितल्यावर 'या अण्णा, कॉफी घ्या' म्हणायच्या आधी श्वास घेत नाही. त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"काय म्हणालात अण्णा तुम्ही माइकवर? माझी लेक थापाडी?"

"अगं, मी तसं म्हणालो नाही."

"गावभर फिरतंय ते. आवाज तुमचा नाही म्हणून सांगा, मी गप्प बसते."

काय सांगू? आवाज माझाच होता. मी सुम्ने उभा राहिलो. सुम्ने म्हणजे उगीच, गप्प, काही न करता. मराठीत त्याला एकच शब्द मला सापडलेला नाही.

आतून स्मृती आली. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरात. तोंड सुकलेलं.

"मामा, मी थाप नाही मारली."

"मारलीस की! मी बघितलं माझ्या डोळ्यांनी!"

"अय्यो मामा, तुम्ही पण?" तिचे डोळे भरून आले आणि माझ्या लक्षात आलं, हा शब्द आता आमच्या घरात पण सडला. त्या पोरीला मराठी येतं किती, आईशी भांडण्यापुरतं. थाप म्हणजे खोटं, हे तिला फोनवर शिव्या देणाऱ्या लोकांनी शिकवलं होतं.

"आपल्यात थाप म्हणजे तट्टणं ना, मामा? हात आपटणं?"

"तेच ग राणी. तेच."

कन्नडात 'तट्टिदळु' म्हणालो असतो, हात आपटला म्हणून, तर कुणाच्या बापाला त्यातून खोटं काढता आलं नसतं. पण निशांतला मराठी पाहिजे होतं, वेगळं वाटणारं.

"प्रणेश सर माझ्याकडंच बघत होते," स्मृती म्हणाली. "डोळ्यांत बघत होते, मामा. मी हात आपटत होते आणि ते बघत होते. हात काय, जोडतील डॉक्टर. पण मी फसवी म्हणून परत त्या पिंजऱ्यात कशी जाऊ?"

मी तिला शुक्रवारी नजरबादला ये म्हटलं. आणखी काही बोललो असतो तर रडलो असतो, आणि रडण्यापेक्षा मला राग परवडतो.

गुरुवारी निशांतचा परत फोन. आवाजात लोणी.

"काका, दसऱ्याच्या शोचं सांगायचं होतं. माइक तुमचाच. आणि सुरुवातीला तुमच्या ढोलकीचा सोलो ठेवतोय. स्टेजवर एकटे तुम्ही, वर लाइट, मग तिथूनच कॉमेंट्री. तुमची इच्छा होती ना?"

होती. का खोटं सांगू? ढोलकी आणि माइक एका स्टेजवर, हे मी जन्मभर मागत होतो आणि जन्मभर लोक मला 'एक काहीतरी धरा' म्हणून सांगत होते. आणि हे मला आता मिळणार होतं, त्या पोरीच्या तुटलेल्या कोपरावर उभं राहून. मी इतकी घाण शिवी दिली की आमच्या सौभाग्यवती गिरिजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

शुक्रवारी नजरबादला समितीच्या ऑफिसात गेलो. अध्यक्ष वेदवती मॅडम, एके काळच्या ज्युदोच्या कोच. कन्नड बोलणाऱ्या, सरळ बाई. मराठीचा गंध नाही. बाजूला दोन मेंबर, ते चहाकडं बघत होते. टेबलाच्या एका बाजूला निशांत आणि प्रणेश, दुसऱ्या बाजूला मी, स्मृती आणि नागरत्ना.

निशांतनं क्लिप लावली. माझाच आवाज त्या खोलीत: "थाप मारली पोरीनं." परत लावली. परत लावली. नागरत्ना प्रत्येक वेळी अंग चोरत होती.

"थाप अंदरे एनु?" मॅडमनी विचारलं. म्हणजे, थाप म्हणजे काय?

मी तोंड उघडायच्या आत निशांतनं मोबाइलवरून अर्थ वाचून दाखवला आणि इंग्रजीतून समजावला. थाप म्हणजे खोटी गोष्ट, बनवाबनवी.

"दुसरा पण अर्थ आहे!" मी कन्नडातून सांगितलं. "ढोलकीवर मारतात ती थाप. पाठीवर देतात ती थाप. यांना हे ठाऊक आहे, मॅडम! ठाऊक असून लपवतायत!"

"काका," निशांत अगदी गोड आवाजात म्हणाला, "पिंजऱ्यात ढोलकी कुठं होती?"

एक मेंबर हसला. चहा पिता पिता हसला तो!

मी म्हटलं, पूर्ण रेकॉर्डिंग लावा, पुढं मी 'सोडव' म्हणून ओरडलोय. निशांत म्हणाला, तांत्रिक अडचणीमुळं तेवढंच राहिलंय. प्रणेश म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही. बोलताना नजर टेबलावर. मॅडमनी स्मृतीला विचारलं, ती म्हणाली, मी खरंच हात आपटला. मॅडमनी मला विचारलं, "मानाजीराव, तुमचा शब्द आणि यांचा शब्द. मी कुठला धरू? ते मराठीच्या मुलखातले आहेत."

मराठीच्या मुलखातले! आणि आमच्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं, आमच्या आयांनी ज्याच्यात अंगाई म्हटली आणि आम्हाला शिव्या घातल्या, ते काय होतं? भाड्यानं आणलेलं? माझ्या कानशिलात ठण ठण वाजायला लागलं.

मी उठलो. तोंडावर हसू आणलं.

"राहू दे, निशांतसाहेब. हात द्या."

त्याला वाटलं, म्हातारा नमला. हसत हसत टेबलावरून हात पुढं केला. मी तो धरला, मनगट फिरवलं आणि कोपर टेबलाच्या कडेला लावलं. गरडीतला पहिल्या महिन्याचा धडा. गुडघा गेला म्हणून बोटं गेली नव्हती, ढोलकीनं ती चांगली राखली होती.

"अहो काका! काका!"

त्याचा डावा हात टेबलावर आपटायला लागला. धप, धप, धप. चहाचे कप नाचले. आणि मी माझा आवाज लावला, आखाड्यातला, पूर्ण.

"आणि नजरबादच्या टेबलावर, मंडळी, पुण्याचे निशांतसाहेब! डावा हात आपटतायत! हे काय करतायत? थाप मारतायत! पण थाप म्हणजे खोटं, अल्वा, नाही का? म्हणजे साहेबांना दुखत नाही! नाटक चाललंय! मग मी का सोडू?"

"दुखतंय! सोडा! अहो थाप मारतोय ना मी, सोडा!"

"ऐकलं?" मी ओरडलो. "साहेब काय मारतायत म्हणाले?"

मॅडम उभ्या राहिल्या. शब्द त्यांना कळला नसेल, पण तो आपटणारा हात त्यांना कळला. त्या सगळा जन्म तोच बघत आल्या होत्या. माझं काम झालं होतं. तिथं सोडायला पाहिजे होतं मी. पण सुटेना! खरं सांगतो, माझा राग माझ्या बोटांत उतरला होता आणि मला त्या कोपराचा आवाज ऐकायचा होता. जो परत ऐकायचा नाही म्हणालो, तोच. निशांतचं तोंड पांढरं पडलं. प्रणेश त्याच्या शेजारी खुर्चीला चिकटून बसला होता. बघत होता. त्या रविवारी बघत होता तसाच.

माझ्या खांद्यावर हात पडला. डावा हात, घट्ट.

"मामा, त्यांनी थाप मारली," स्मृती म्हणाली. "सोडा."

रेफरीचा हात लागला की सोडायचं. मी सोडलं.

निशांत कोपर छातीशी धरून बसला. मॅडम स्मृतीकडं बघत होत्या, तिचं प्लास्टर आणि माझ्या खांद्यावरचा तिचा हात. मग त्या प्रणेशकडं वळल्या.

"इष्टे अल्वा?" त्या म्हणाल्या. एवढंच करायचं होतं, नाही का?

प्रणेशनं मान वर केली.

"हौदु, मॅडम," तो म्हणाला. "बघितलं होतं मी. तिनं खरंच आपटला होता हात."

नागरत्ना तिथंच तोंडाला पदर लावून रडली. बंदीचं नाव परत कुणी काढलं नाही. प्रणेशला पिंजऱ्यात पाय ठेवायची मनाई झाली, लीगचा परवाना थांबला. मला पण मॅडमनी झापलं, ऑफिसात हाणामारी केली म्हणून, आणि बरोबरच झापलं.

रात्री निशांतचा निरोप आला. 'काका, यापुढं तुम्हाला बोलावणार नाही. माइक विसरा.' वर आणखी, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' याची अपेक्षा! मी ढोलकी मांडीवर घेतली, फोन जवळ ठेवला आणि एकच थाप मारून तेवढा आवाज त्याला पाठवून दिला. लावू दे त्याला अर्थ, पुण्याचा पाहिजे तर पुण्याचा.